आठानंतर दहा

"काका, तुमच्याकडे कडक मराठी मिळेल का?"

दार उघडंच होतं. उंबऱ्यात ऋषी लोणकर उभा होता, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या इमारतीत खालच्या गाळ्यात त्याचा फोटो स्टुडिओ आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि इंदू. चार वर्षांत तो वर आला होता दोनदा. एकदा पाण्याची मोटर लागत नव्हती म्हणून आणि एकदा ती बंद होत नव्हती म्हणून.

"कडक म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वाचून माणूस घाबरला पाहिजे."

"मग यांचं नको," इंदू आतून म्हणाली. "यांचं वाचून माणूस झोपतो."

ऋषी हसत आत येऊन बसला. त्याचं दुखणं असं होतं. तो कुणाचा नोकर नव्हता. साड्यांची दुकानं, सराफी पेढ्या, बिल्डर यांच्या जाहिरातींची कामं सुटी सुटी घ्यायचा आणि त्यासाठी मुली, मुलं, क्वचित म्हातारेकोतारे मॉडेल म्हणून बोलवायचा. तेही त्याच्यासारखेच सुटे, आज इथे तर उद्या तिथे. आणि ही मंडळी ऐन वेळी येत नसत.

"परवाचंच सांगतो. मेकअपवाला आला, लाइट लागले, दुकानदार साड्यांचं गाठोडं घेऊन हजर. आणि बाईसाहेबांचा मेसेज, सर, मला शिंका येताहेत. शिंका! फोटोत शिंक ऐकू येते का, काका?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणून आता मी अनामत घेणार. काम ठरलं की मॉडेलनं दोन हजार माझ्याकडे ठेवायचे. आली, काम केलं, की परत. नाही आली, की गेले. पण तोंडी सांगितलं तर वाद घालतात. नियम पाहिजेत, छापील. तुम्ही वाचनालयात होता ना?"

होतो. छत्तीस वर्षं होतो, त्यातली शेवटची एकोणीस ग्रंथपाल म्हणून. त्या काळात मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि तिन्ही अजून ट्रंकेत आहेत. माझं छापून लोकांसमोर आलेलं लेखन एकच, वाचनालयाच्या जिन्यातला नियमांचा फलक. तो रोज दोनशे माणसं वाचत. निदान त्याच्यासमोरून जात.

शिवाय अनामत हा माझा विषय. कुणाची घ्यावी, कधी जप्त करावी, परत देताना किती हेलपाटे घालायला लावावे, हे माझ्याइतकं आमच्या पेठेत कुणाला कळत नव्हतं. मी "बघतो" म्हणालो. इंदूनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि म्हणाली, "झालं. आता चार दिवस भाजी मीच आणायची."

चार दुपारी खपून मी चौदा नियम लिहिले. बरेचसे वाचनालयातून उचलले. आमचा सहावा नियम होता: वेळेत बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. तो मी जरा वाढवून घेतला. तारीख बदलण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडे राहील. बदललेल्या तारखेस मॉडेल न आल्यास अनामत जप्त. अकरावा: अनामत परत मिळण्यासाठी अर्ज समक्ष करावा. आमच्याकडे थकबाकीदारांची यादी जिन्यात लावत असत. तीही आणली, तेरावा नियम म्हणून. अनामत जप्त झालेल्यांची नावे दर्शनी भागी लावण्यात येतील.

नववा तेवढा माझा स्वतःचा होता. म्हणजे माझा म्हणता येणार नाही. जमिनीच्या व्यवहारात जुनी रीत आहे, घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो आणि देणारा फिरला तर तो दुपटीनं परत करतो. ते वाचून ठेवलं होतं, ते इथे बसवलं. बसल्यावर कागदाला तोल आला असं मला वाटलं. मी तो नियम इंदूला वाचून दाखवला. ती झोपली नाही.

कागद पक्का करून मी खाली गेलो. ऋषी फोनवर कुणावर तरी ओरडत होता. "मी पैसे मोजतो, मग त्रासही मीच सोसायचा?" असं काहीसं चाललं होतं. त्यानं मला हातानंच खुर्ची दाखवली. मी पाच-सात मिनिटं बसलो. मग फोन ठेवून त्यानं कागद घेतला, भरभर वाचला आणि म्हणाला, "काका, तुम्ही वाचनालयात वाया गेलात हो!"

या एका वाक्यावर मी पुढे तीन महिने जगलो.

छापायला गेले तेव्हा नियम तेरा होते. नववा नव्हता.

"आठानंतर एकदम दहा आलाय, काका," ऋषी म्हणाला. "दहाचा नऊ करू का?"

"अजिबात नको." माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका ठाम निघाला. "बाद झालेल्या पुस्तकाचा नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नसतो. नोंदवहीत ती जागा रिकामी राहते. शिस्त आहे ती."

"राहू दे मग. मोजतंय कोण!"

चौकट करून नियम स्टुडिओच्या भिंतीवर लागले. खाली बारीक अक्षरांत: नियम तयार करणारे, द. वि. खांबेटे, निवृत्त ग्रंथपाल. त्यानंतर आमच्याकडे दूध रोज मीच आणू लागलो. जाताना काचेतून एकदा चौकट दिसायची आणि येताना एकदा.

"चुलीवर दूध उतू जात नाही तेवढं तुम्ही जाताय," इंदू म्हणाली.

ऋषी वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला फक्त नियम समजले होते. पहिल्या महिन्यात त्यानं अनामती घेतल्या आणि मुकाट परत केल्या. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की सहाव्या नियमानं तारीख आदल्या दिवशीही बदलता येते. एकाच दिवसाला दोन कामं धरायची, ज्याचे पैसे जास्त ते करायचं आणि दुसरं पुढे ढकलायचं. ढकललेल्या दिवशी मुलीला दुसरीकडे काम असेल, परीक्षा असेल, घरात लग्न असेल, तर ती गैरहजर. अनामत जप्त. नाव यादीत. यादी त्यानं आणखी सुधारली, म्हणजे भिंतीवर लावलीच, शिवाय गावातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकू लागला. मथळा होता "यांच्यापासून सावध".

मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसत असे. खाली मुली यायच्या, आत जायच्या, आतून बोलण्याचे आवाज चढायचे. मग एक वाक्य ठरलेलं ऐकू यायचं, "ते बघा, लिहिलंय ना? काही मी नाही लिहिलेलं. वर एक वयस्कर गृहस्थ राहतात, ग्रंथपाल होते, त्यांनी लिहिलंय." मग मुली बाहेर यायच्या आणि जाता जाता वर बघायच्या. मी पान उलटायचो.

"तुमचं पुस्तक भलतंच खपतंय," इंदू म्हणायची. "दुसरी आवृत्ती कधी?"

मृणाल अहिरराव वर आली ती एका सकाळी. पंचवीस-सव्वीसची, उंच, ओढणी कमरेला बांधलेली. तिनं दारात चपला काढल्या, इंदूला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "सर, मला ओळखलं नसेल तुम्ही. मी बालविभागात यायचे. शनिवारी."

मी ओळखल्यासारखं केलं. बालविभागात शनिवारी सत्तर मुलं यायची.

"खालचे नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

"म्हणजे... लिहून दिले. मागितले म्हणून."

"माझं नाव दोनदा लागलंय यादीत. दोन्ही वेळा तारीख ऋषीसरांनीच बदलली. पहिल्यांदा माझा बी.एड.चा पेपर होता, दुसऱ्यांदा दुसऱ्या स्टुडिओत काम. पैसे गेले ते जाऊ देत. पण ग्रुपवर नाव गेल्यापासून तीन ठिकाणांहून नकार आलाय. आता एकच काम हातात आहे, येवल्याचं. पैठणीचं कॅटलॉग, एकवीस तारखेपासून दहा दिवस."

"चांगलं आहे की," मी म्हणालो.

"आणि इथे ऋषीसरांकडे अठराला चोपडे बिल्डरची जाहिरात आहे. नात आणि आजोबा. त्यांनी काल सांगितलं, अठराचं बहुतेक एकवीसला जाईल. एकवीसला मी येवल्याला. म्हणजे यादीत तिसऱ्यांदा नाव. मग येवलेवालेही म्हणतील नको. सर, तुमचं नाव आहे चौकटीवर. तुम्ही एकदा सांगा ना त्यांना. ते ऐकतील तुमचं."

इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"बघतो," मी म्हणालो.

"आणि एक विचारू? आठानंतर दहा आहे. नववा काय होता?"

छत्तीस वर्षांत त्या जिन्यातल्या फलकाबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. "होता एक. दोन्ही बाजूंना सारखा धरणारा. तारीख त्यानं बदलली आणि तुम्हाला जमत नसेल, तर त्यानंच दुप्पट अनामत परत द्यायची, असा."

"काढायला लावला त्यांनी?" तिनं विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला. तिनं तेच उत्तर धरलं आणि मान हलवली. "तुमचा काय दोष, सर. तुम्ही लिहिला तरी होता."

त्या आठवड्यात मी ऋषीशी बोलायला तीनदा जिना उतरलो. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली आणि मी लाइट बिलाचं काहीतरी विचारून परत आलो. तिसऱ्यांदा दूध घेऊन आलो. दूध सकाळी आलेलं होतं.

अठराचं एकवीस झालेलं टिकलं नाही, पण त्यात माझा काही हात नव्हता. चोपडेंनी फोनवर ऋषीला झापलं की अठरा म्हणजे अठरा, अक्षय्य तृतीयेला बुकिंग उघडायचंय. ऋषीनं एकवीसचं पुन्हा अठरा केलं आणि सगळ्यांना कळवलं. एकाला मात्र ते पोचलं नाही. आजोबा म्हणून त्यानं एक जुने नाटकवाले गृहस्थ ठरवले होते. त्यांची तारीख इतक्यांदा बदलली होती की शेवटचा मेसेज त्यांनी उघडलाच नाही. ते धुळ्याला लेकीकडे गेले होते.

अठराला सकाळी साडेदहाला ऋषी धापा टाकत वर आला. "काका, उठा. चेहरा आहे तुमच्याकडे!"

"अडुसष्ट वर्षं आहे," इंदू म्हणाली. "आजच दिसला?"

"काकू, चेष्टा नको. चोपडे शेठ खाली बसलेत, मुलगी मेकअप करून तयार आहे, आजोबा धुळ्यात. काका, नुसतं बसायचंय. पुस्तक घेऊन. तुम्ही रोज गॅलरीत बसता तेच."

"मला जमायचं नाही," मी म्हणालो आणि ते अगदी मनापासून होतं. माझा लग्नातल्या अल्बममध्येही अर्धाच चेहरा आहे.

"जमेल. आणि..." तो जरा घुटमळला, "फॉर्म भरावा लागेल. दोन हजार अनामत. म्हणजे फॉर्मॅलिटी. फॉर्म भरल्याशिवाय मी कुणासाठीही कॅमेरा लावत नाही, असं शेठला आत्ताच सांगून बसलोय."

इंदूनं कपाटातून पैसे काढून आणले आणि माझ्या हातात ठेवले. "द्या. तुमच्याच नियमानं जाताय. बघा कसं वाटतं."

"पुस्तकही तुमचंच आणा," ऋषी म्हणाला. "माझ्याकडची आतून पोकळ आहेत."

मी पुस्तक शोधू लागलो तर इंदूनंच फळीवरून एक जाडजूड कोश काढून दिला. "हे न्या. यात तुम्हाला वाचण्यासारखं आहे."

खाली मला कुणाचा तरी पांढरा सदरा घातला, आरामखुर्चीत बसवलं आणि गालांना कसलीशी पावडर फासली. मृणाल पायाशी वेताच्या मोढ्यावर बसली, माझी नात म्हणून. हळूच म्हणाली, "घाबरू नका, सर." समोर चोपडे, सोन्याची साखळी आणि ताकाचा ग्लास. बरोब्बर त्यांच्या डोक्यावर माझी चौकट.

"आजोबा, हसा," चोपडे म्हणाले. "ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी इमारत आहे आमची. लिफ्टमध्ये बाकडं आहे."

मी हसलो. ऋषी म्हणाला, हसू नका.

"काका, वाचायचं नाही. वाचल्यासारखं करायचं. नातीला गोष्ट सांगताय असं."

मी कोश उघडला. मध्ये चार घड्या घातलेला कागद होता. तो माझ्या हातचा कच्चा खर्डा होता, चौदाच्या चौदा नियमांचा. मी तो केव्हाच रद्दीत टाकला होता. वरच्या मजल्यावरून मोरीत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"ओठ नुसते हलताहेत, काका," ऋषी कॅमेऱ्यामागून म्हणाला. "आवाज काढा. आवाज निघाला की चेहरा खरा होतो. काहीही वाचा."

मी वाचू लागलो. माझी नजर जिथे पडली तिथून. "नियम आठ. मॉडेलने ठरलेल्या वेळेपूर्वी पंधरा मिनिटे हजर राहावे."

"वा! असंच! चेहरा मस्त आलाय!" फटाफट फोटो निघू लागले.

इथे थांबता आलं असतं. पण छत्तीस वर्षांत मी आकड्यांत कधी उडी मारली नव्हती. त्या छापखान्याच्या एका वेळेचा अपवाद सोडला तर. हिंमत वगैरे काही नव्हती ती, आठानंतर माझी जीभ आपोआप पुढे गेली. "नियम नऊ. छायाचित्रकाराने काम रद्द केल्यास, किंवा तारीख बदलल्यास व बदललेली तारीख मॉडेलला सोयीची नसल्यास, छायाचित्रकाराने अनामत रक्कम दुप्पट करून सात दिवसांत परत करावी."

"सुंदर! डोळे पुस्तकातच—" कॅमेरा थांबला. "काय वाचलंत?"

मी पुन्हा वाचलं. वाचायला सांगितलं की मला वाचता येतं.

चोपडेंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. बोट लावून मोजलं. "अरे, खरंच की. आठानंतर दहा." आणि मग ते इतके हसले की ताक सांडलं. "लोणकर, असला नियम आमच्या बुकिंगच्या फॉर्मातही नाही! बरं केलंत काढलात ते. असला नियम ठेवून कुणाचा धंदा चाललाय?"

ऋषीही सुटल्यासारखा हसला. "तेच ना, शेठ. चला काका, पुढे—"

मृणाल मोढ्यावरून उठली.

"कुठे चाललीस?"

"मी आज रद्द करते, सर."

"डोकं फिरलंय का? अनामत जाईल."

"ठेवा. नावही लावा तिसऱ्यांदा. नियमात तेवढंच आहे. बघा हवं तर." तिनं कानातले झुमके काढून टेबलावर ठेवले.

मीही उठलो. का उठलो सांगता येणार नाही. नात नसताना आजोबांनी एकट्यानं बसून करायचं काय?

"काका, तुम्ही तरी!"

"माझीही ठेव," मी म्हणालो. आवाज बारीकच होता, पण निघाला.

चोपडेंचं हसू थांबलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "लोणकर, मला हा फोटो संध्याकाळपर्यंत पाहिजे. ह्यांचं काय ते मिटवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

"काय पाहिजे तुला?" ऋषीनं मृणालला विचारलं.

"यादीतून नाव. आणि ग्रुपवर लिहा, 'दोन्ही वेळा तारीख मी बदलली होती, मृणाल अहिररावची चूक नव्हती.' आणि दोन्ही वेळची अनामत."

"दुप्पट?" चोपडेंनी रस घेऊन विचारलं.

"नको. तेव्हा तो नियम भिंतीवर नव्हता. होती तेवढीच."

ऋषीनं फोन काढला. चेहरा पाडून एकेक अक्षर लिहिलं आणि तिला दाखवलं. तिनं "मी बदलली" मधला "मी" आहे ना, हे बघून घेतलं. मग झुमके घातले आणि माझ्या पायाशी बसली. मी कोश उघडला. पंधरा मिनिटांत काम झालं. चोपडे जाताना म्हणाले, "आजोबा, चेहरा विश्वासू आहे तुमचा."

ते गेल्यावर ऋषी लाइट विझवत होता. रागावलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "काका, एक सांगा. एवढा नियम होता तर मला दाखवायचा ना. मी कधी पाहिलाच नाही."

मृणाल तोंडावरचा मेकअप पुसत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही दिलेल्या कागदावर तिथे नुसता काळा गिचमिडा होता," तो म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी चुकलं असेल तुमचं. दाखवला असता तर कदाचित ठेवलाही असता. तेव्हा मला कुठे काय कळत होतं?"

"सर," मृणाल म्हणाली, "मग काढला कुणी?"

मी सदऱ्याची बटणं काढत होतो. सदरा माझा नव्हता, बटणं सापडत नव्हती. "मी."

"का?"

"मी इथे बसलो होतो. हा फोनवर ओरडत होता, पैसे मी मोजतो, त्रासही मीच सोसायचा का, म्हणून. मला वाटलं, याला हा नियम आवडणार नाही. विचारायच्या आतच... पेन खिशात होतं."

ऋषी माझ्याकडे बघतच राहिला. "काका, मी इंटरनेटवाल्यावर ओरडत होतो. दोन दिवस नेट बंद होतं."

मृणालनं पिशवी भरली. दारापर्यंत गेली आणि वळली. आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"सर, मी चौथीत असताना मला कांजिण्या झाल्या होत्या. पुस्तक बारा दिवस उशिरा आणलं. आईनं चिठ्ठी दिली होती. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, घडी करून परत दिलीत आणि म्हणालात, बाळ, नियम म्हणजे नियम. तीन रुपये दंड. मी रडत घरी गेले आणि घेऊन आले. मला तेव्हापासून वाटायचं, तुम्ही फार कडक आहात."

ती गेली. येवल्याचं काम तिचं टिकलं, हे मला पुढे ऋषीकडून कळलं.

त्याला आता आठ वर्षं झाली. चोपडेंच्या इमारतीचा फलक गंगापूर रोडला दोन वर्षं होता. मी पुस्तक वाचतोय, नात ऐकतेय आणि वर लिहिलंय, विश्वासाचं घर. वाचनालयातले जुने सभासद मला थांबवून सांगत, "खांबेटे, चेहऱ्यावर काय समाधान आलंय हो!" ऋषीनं आठवडाभरातच नवव्या नियमाची पट्टी छापून चौकटीत चिकटवली, जरा वाकडी. मग वर्षभरानं गाळा सोडून तो पुण्याला गेला.

माझ्या दोन हजारांची पावती अजून कोशात आहे, खूण म्हणून घातलेली. काम मी पूर्ण केलं होतं, अनामत परत मिळायला हवी होती. पण अकरावा नियम, अर्ज समक्ष करावा. त्या वर्षभरात मी बरेचदा जिन्यापर्यंत गेलो आणि दूध घेऊन परत आलो.

इंदू म्हणते, जप्त झाली असं समजा आता. मीही तसंच समजतो. फक्त कोणत्या नियमाखाली, ते पावतीवर लिहायचं राहिलंय.